दिनकरची चाल

दिनकर गेल्याचं त्याच्या धाकट्या भावाने दारात उभं राहून सांगितलं, तेव्हा मी पायांत वहाणा घालून दिनकरचीच वाट बघत होतो. नुकतं फटफटलं होतं. "दादा गेला, मास्तर," एवढंच तो बोलला... त्याच्या घरापर्यंत मी झपझपच गेलो. दुसऱ्या चालीने चालणं पायांना ठाऊकच नव्हतं.

शिवाजी पेठेतल्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा आणि मी कवायत. संस्थान विलीन व्हायच्या आदल्या वर्षी कुस्ती करताना माझा उजवा गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी बैठका, पळणं, कुस्ती, सगळं बंद केलं. म्हणाले, "झपझप चाला. गुडघ्याला दणका बसणार नाही आणि घामही निघेल. गाता येऊ नये, पण बोलता यावं, एवढा वेग ठेवा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चालणं हा पेन्शनरांचा व्यायाम! दिनकर मात्र म्हणाला, "मर्दा, मी येतो की संगं. दोघं असल्यावर कोण हसतंय बघू." शाळेत गुडघ्याचं कुणाला कळू द्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. कवायतीच्या मास्तरला पळता येत नाही म्हटल्यावर त्याला ठेवणार कोण?

दुसऱ्या दिवसापासून रंकाळ्याला वळसा सुरू झाला. तालमीतले जुने सोबती वाटेत भेटले की "काय पावणं, काठी इसरली काय?" म्हणून ओरडायचे. दिनकर तिकडे न बघता वेग वाढवायचा. चार महिन्यांत गुडघ्याची सूज उतरली, दम वाढला. आणि बोलता येत होतं, म्हणून मी बोलत राहिलो. बायकोचं आजारपण, वडिलांशी धरलेला अबोला, जिना उतरताना अजून गुडघा कसा दगा देतो ते... सगळं. तो नुसता हुंकार द्यायचा.

चौथ्या वर्षी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. गुडघ्याची गोष्ट शाळेच्या चालकांपर्यंत गेली होती. कवायत काढून मला कचेरीत कारकुनीला बसवलं आणि माझ्या जागी दिनकरचा मेहुणा आला. जागा रिकामी झाली, गरजू माणसाला मिळाली, असंच मी समजलो. दुसऱ्या दिवशी चालता चालता मला रडू कोसळलं. "कुणी सांगितलं असंल रं?" दिनकरने विचारलं. मी डॉक्टरांच्या कंपाउंडरचं नाव घेतलं. "आसंल, आसंल," म्हणत त्याने पाऊल उचललं. त्या कंपाउंडरशी मी पुढे सहा वर्षं बोललो नाही.

तेराव्याला आमचे ते मुख्याध्यापक, आता निवृत्त झालेले, माझ्या शेजारच्या पानावर होते. "तुमचं मन मोठं हो," ते म्हणाले. "दिनकररावांनीच येऊन तुमच्या गुडघ्याचं सांगितलं, तरी तुम्ही रोज त्यांच्याबरोबर फिरायला जात होतात." मला हे ठाऊक असणार, असं ते धरून चालले होते. हातातला घास मी पानात ठेवला आणि आत जाऊन वहिनींना विचारलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. "कितीदा म्हनलं, एकदा सांगून टाका. म्हनायचे, सांगितलं तर तो फिराय यायचा न्हाय."

आलो नसतो, हे खरं. शिव्या घातल्या असत्या, वर्ष-दोन वर्षं तोंड बघितलं नसतं. पुढे काय झालं असतं कुणास ठाऊक... पण तेवढी तरी संधी त्याने मला द्यायला हवी होती. सहा वर्षं माझं दुःख माझ्याच तोंडून ऐकत तो माझ्याबरोबर चालला आणि आता भांडायलाही उरला नाही. गेल्या आठवड्यात कंपाउंडरकडे जाऊन माफी मागितली. मी त्याच्यावर रागावलो होतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

फिरणं मी सोडलेलं नाही. गुडघा सोडू देत नाही. रंकाळ्याच्या रस्त्यावर पाण्याकडच्या बाजूने दिनकर चालायचा, आणि मी अजून तेवढी जागा सोडून चालतो. काल मुद्दाम त्या बाजूने निघालो. शंभरेक पावलं गेलो असेन... मग पाहिलं, तर पाय केव्हाच आपल्या कडेला सरकले होते.