सबनीसकाकांचा टर्बो आणि उन्मेषची वरात

सबनीसकाकांनी आपल्या लाल झेनमध्ये विमानाचं इंजिन बसवलंय, ही बातमी २००४ साली आमच्या अंबरनाथ पश्चिमेत पक्की होती. बदलापूर गावात पोचेपर्यंत तिला पंखही फुटले होते. खरं एवढंच, की इंजिन झेनचंच होतं. काकांनी त्याला भंगारातल्या एका डिझेल जीपचा टर्बो जोडला होता. अफवा कोणी उठवली ते ठाऊक नाही. काकांनी ती खोडली मात्र नाही. कोणी विचारलं की चष्मा पुसत म्हणायचे, "विमान नाही हो. प्रिन्सिपल तेच."

गुरुदत्त सबनीस पंपांच्या कारखान्यात अधिकारी. तिथे ते काय करायचे हे बिल्डिंगमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, पण टर्बो काय करतो हे जिन्यात सापडेल त्याला ऐकावंच लागायचं. "बेसिकली, गाडीचा धूर फुकट जातो. त्याच धुरावर पंखा फिरवायचा, पंख्याने इंजिनात हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद!" 'कोंबायची' म्हणताना त्यांचे गाल फुगायचे. गणपतीत मी ही नक्कल केली, तेव्हा सगळ्यात मोठ्याने तेच हसले. नंतर मला विचारलं, "कोण रे हा नमुना?"

त्यांच्या बायकोला, सुरुचीकाकूंना, टर्बो एका वाक्यात समजला होता. "म्हणजे पाहुणा नको नको म्हणतोय आणि आपण पानात श्रीखंड लोटतोय. पोट बिघडणार नाही तर काय!"

बिघडायचंच. इंजिन खटखट करायचं, हेडचं गॅस्केट उडायचं, आणि रविवारी काका उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, खूबचंदच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात. खूबचंद गल्ल्यावरून न उठता सांगायचा, "साईं, ये मोटा वाला डालो. बाप जनम में नहीं उडेगा." पुढच्या रविवारी त्याच सुरात, "साईं, इससे भी मोटा आया है."

शेवटी कार्बोरेटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, कान लावून लावून, काकांनी गाडी जमवली. जमवली म्हणजे काय, तर इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या खाली टर्बो झोपलेला आणि वर गेला की अंगात आल्यासारखा. पण अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावर तीन हजारपर्यंत जायला जागा कुठे? टर्बो शिट्टी फुंकत जागा व्हायचा, तेवढ्यात स्पीडब्रेकर. त्यातून सुटला तर म्हैस.

चार वर्षं घरात गाडी असून काकू रिक्षाने फिरत होत्या. त्यांचा भाचा उन्मेष याचं लग्न ठरलं, बदलापूर गावात, ऐन मे महिन्यात. तेव्हा त्यांनी निकाल दिला, "नवरदेव आपल्या गाडीतून जाईल. मारुतीच्या देवळापासून हॉलपर्यंत. वाटेत बंद पडली, तर सोमवारी गाडी खूबचंदच्या दारात. भंगार म्हणून."

"अगं, वरातीचा स्पीड मुंगीचा! हे परफॉर्मन्स इंजिन आहे. वारा लागला नाही तर तापतं."

"मुंगीला चालता येतं ना?"

लग्नाच्या सकाळी काका देवळापुढे हजर. गाडीला झेंडूच्या माळा, पण बॉनेट गायब! आतलं इंजिन उघडंनागडं. नवरदेव हादरला. "आत्या, आतलं सगळं दिसतंय गं."

"दिसू दे," काका म्हणाले. "बेसिकली, लोक तेच बघायला आलेत."

अकराचं ऊन. मला राहवलं नाही. "काका, हॉलच्या आधी उकळणार. लावता शर्त?"

"लावली. आकाश, हरलास तर माझ्या शेजारी बसून अंबरनाथला यायचं." हा दंड भारी होता. त्या गाडीत आपखुशीने कोणी बसत नसे.

शर्त लागली आणि काका वरातीत वाजवायला आलेल्या बेंजो पार्टीकडे गेले. त्यांच्या हातगाडीवर जनरेटर होता. काकांनी हॉलच्या मॅनेजरकडून एक कूलर उचलून आणला, हातगाडीवर चढवला, तोंड झेनकडे केलं आणि पिन जनरेटरला खोचली. वाळ्याचा गार, ओला वारा थेट रेडिएटरवर! गायक ओरडला, "ओ काका, माइकचा आवाज बसला!"

"तू बस बोंबलत. इंजिन चाललं पाहिजे."

वरात निघाली. पुढे हातगाडी, मागे झेन. दर दहा पावलांवर वऱ्हाडी थांबून नाचायचे, आणि मी खिडकीतून तापमानाच्या काट्याकडे बघायचो. काटा लाल पट्टीपर्यंत चढायचा, तिथे थबकायचा, आणि कूलरमध्ये बादलीभर पाणी पडलं की खाली यायचा. बादल्या काकू ओतत होत्या. पैठणी खोचून, घराघरातून मागून आणून. एकदा काका खिडकीतून केविलवाणे ओरडले, "सुरुची, बूस्ट कमी पडतोय!"

"बूस्ट गेला खड्ड्यात. क्लच सांभाळा!"

गाडी हॉलच्या दारात लागली. आचके देत, पण चालू. नवरदेव उतरला, ओवाळणी झाली. काकूंनी गाडीच्या चाकांवरही पाणी ओतलं आणि काकांकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारी सुट्टी घेऊ नका. कुठे जायचं नाहीये."

जेवणं उरकल्यावर काकू भावाच्या गाडीतून गेल्या. काकांनी डावीकडचं दार उघडलं आणि गाल फुगवले. शर्त मी हरलो होतो. बसलो.