पाठवणीचं क्लॅरोनेट

मखमलाबादचा सहादू सकाळी वालाच्या शेंगा तोडून बाजारात पाठवायचा आणि लग्नसराईत दुपारपासून धोंडीरामच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. ट्रंपेट गल्लीभर ओरडतं, सनई लगेच हळवं करते. क्लॅरोनेटचा खालचा सूर मात्र कोणी शेजारी बसून दाटल्या गळ्याने बोलावं तसा. नवरी निघाली की धोंडीराम ढोल-ताशे थांबवायचा आणि सहादू एकटा वाजवायचा. वऱ्हाडातली माणसं तेवढा वेळ चपला शोधायची थांबत.

माझी लेक शुभांगी तिसरीत होती, १९९३ साली, तेव्हाच तो म्हणाला होता, "गुरुजी, ताईच्या पाठवणीला दुसऱ्या कोणाला उभं करायचं नाय."

२००८ मध्ये तिचं लग्न ठरलं. मी धोंडीरामकडे गेलो. तो घुटमळला. "आता गाडीवर कीबोर्ड असतो, गुरुजी. सगळी वाद्यं त्यातच."

"असू दे. सहादू हवा."

सहादू तिथेच होता. तोंडावर रुमाल धरून "येतो" एवढंच म्हणाला. सर्दी असेल, असं मला वाटलं.

पाठवणीला तो लाल कोट घालून पुढे उभा राहिला. बोटं भोकांवर बरोबर पडत होती. सूर मात्र गुळगुळीत, श्वासालाही न थांबणारा. कीबोर्डवाला सहादूला झाकतोय, असं वाटून मी रागाने कीबोर्ड बंद करायला लावला. "आता सहादूचं ऐकू द्या!"

मांडव गप्प झाला. सहादूची बोटं क्षणभर तशीच हलत राहिली. आवाज नव्हताच.

"काय हो व्याही, बिनपाण्याचा नळ आणलात की!" वरपक्षातलं कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

सहादूने वाद्य खाली घेतलं. वरचे पुढचे चार दात नव्हते. दोन वर्षांपूर्वी बँडचा टेम्पो उलटला, त्यात गेले होते.

"दाताशिवाय फुंक धरत नाय, गुरुजी. मालक नुसतं उभं करतो, माणसं जास्त दिसावी म्हणून. तुम्हाला नाय म्हणवलं नाय."

शुभांगी त्याच्या पाया पडायला वाकली. तो मागे सरला. "मी काय वाजवलं, ताई?"

पुढच्या लग्नसराईत तो बँडमध्ये दिसला नाही. मी धोंडीरामला विचारायला गेलो.

"गिऱ्हाईक आता आधीच विचारतं, तुमच्यातले खरे वाजवणारे किती," तो म्हणाला. "त्याला परत कसा उभा करू? तुम्हीच सांगा, गुरुजी."