हात थांबेल तिथे

जानकीताई धुरींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या फोनवर एका डॉक्टरांना नाही म्हणत होत्या. पेशंटच्या रक्तात काय दिसतंय ते अंदाजाने सांगा, एवढंच डॉक्टर मागत होते. ताई म्हणाल्या, "अंदाज मी देत नाही, सर. साडेसहाला रिपोर्ट मिळेल." फोन ठेवून त्यांनी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला.

मी तेव्हा बावीस वर्षांची, मालाड स्टेशनजवळच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नवी लागलेली. पुढची अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. शीर कशी शोधायची, स्लाइड कशी रंगवायची, सगळं त्यांनी शिकवलं. एक गोष्ट मात्र त्या येताजाता बजावायच्या, "निधी, तुला काय वाटतं ते कोणी विचारलेलं नाही. दिसतं तेवढं लिही."

त्या अशा का झाल्या होत्या, ते त्यांनी मला फार उशिरा, एकदाच सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. एका सकाळी नवरा स्कूटर काढत असताना त्यांना उगाचच काहीतरी वाटलं आणि त्या म्हणून गेल्या, "आज जाऊ नका." तो हसला आणि गेला. दुपारी हायवेवर ट्रकखाली आला. सासरच्यांनी नंतर तेवढंच वाक्य धरून ठेवलं. हिच्याच तोंडून निघालं, म्हणून झालं. बाराव्यानंतर ताई बोरिवलीला कुलुपवाडीत माहेरी परतल्या, त्या कायमच्याच. त्यानंतर आपल्याला काय वाटतं, हे त्या कुणाला सांगायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

आईवडील गेले. मोठा भाऊही गेला. घरात उरले ताई आणि त्यांच्याहून सहा वर्षांनी धाकटा लवू. लवू मागाठाणे डेपोत कंडक्टर. लग्न केलंच नाही. बोलका माणूस, बसमधल्या गर्दीचे किस्से घरी येऊन नक्कल करून सांगायचा. ताईंना 'बाय' म्हणायचा. वडील कुडाळकडचे, त्यामुळे घरात दोघं मालवणीतच बोलत. बाहेर कडक असणाऱ्या ताई लवूच्या नकलांना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या, हे मी त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा पाहिलं आणि मला खरंच वाटेना.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ताई निवृत्त झाल्या आणि त्यांची झोप उडाली. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने त्यांना जवळजवळ ओढतच बाभईला अनुपमाबाईंच्या रेकीच्या वर्गाला नेलं. दर गुरुवारी दुपारी, त्यांच्या राहत्या घरातल्या पुढच्या खोलीत सात-आठ बायका जमत. ताई गेल्या त्या, हे सगळं थोतांड आहे असं मनात ठरवूनच. पण अनुपमाबाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, की हे औषध नाही आणि निदानही नाही. डॉक्टरांची गोळी कोणी बंद केली तर त्याने माझ्या वर्गात येऊ नये. फक्त शांत बसायचं, हात ठेवायचे आणि हाताला काय जाणवतं त्याकडे लक्ष द्यायचं. "हात थांबेल तिथे थांबा," त्या म्हणाल्या. "का थांबला ते विचारू नका. पण थांबलाच नाही, असं स्वतःला सांगू नका."

ताईंना ही बाई सरळ वाटली. दीक्षा झाली, एकवीस दिवस रोज स्वतःला रेकी देणं झालं. झोप परत आली. मग दुसऱ्याला द्यायचं शिकायचं होतं, आणि घरात दुसरा एकच होता.

लवूची सकाळची ड्युटी असली की तो तीनला घरी यायचा. हॉलमधल्या कॉटवर तो आडवा व्हायचा आणि ताई डोक्यापासून सुरुवात करायच्या. एका जागी तीन मिनिटं, मग पुढची जागा. चौथ्या जागेपर्यंत लवू घोरत असे. सप्टेंबरमधल्या एका दिवशी डाव्या बरगडीच्या खाली हात आला आणि थांबला. उन्हात तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालताना अचानक सावलीतली गार फरशी पायाला लागावी, तसं काहीतरी तळव्याला लागलं, असं ताईंनी मला सांगितलं. त्यांनी हात उचलला, पुन्हा ठेवला. तेच.

लवूने एक डोळा उघडला. "काय गावला काय गो?"

"काय नाय. नीज."

तसं त्याला अधूनमधून पोटात दुखायचं, पाठीपर्यंत कळ जायची. कंडक्टरच्या नोकरीत उभं राहून राहून कोणाची पाठ दुखत नाही? तरी ताई त्याला आमच्या लॅबमध्ये घेऊन आल्या. रक्त मीच काढलं. साखर जराशी वाढलेली, बाकी सगळं व्यवस्थित. सोनोग्राफी दुसरीकडे केली, तिचा रिपोर्टही चांगला आला. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, की पोटातल्या वायूमुळे स्वादुपिंडाचा शेवटचा भाग नीट दिसला नाही. ताईंनी ती ओळ मला वाचून दाखवली. मी कामात होते. मान वर न करता म्हणाले, "गॅसमुळे असं नेहमीच लिहितात, ताई."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग कागदाची घडी घातली. म्हणाल्या, "हो. लिहितात खरं."

पुढचे चार महिने त्यांचा हात त्याच जागी थांबत राहिला. दर वेळी त्या मनाशी म्हणायच्या, रिपोर्ट चांगला आहे, आणि हात पुढे सरकवायच्या. अनुपमाबाईंनी प्रत्येकीला एक वही करायला लावली होती, कुठे काय जाणवलं ते लिहायला. ताईंनी लवूच्या पानावर ती जागा लिहिणं बंद केलं. त्या काळात लवूने पट्ट्याला नवं भोक पाडलं. बांगड्याची अर्धी तुकडी ताटात उरू लागली. वय झालं आता, असं तो म्हणायचा. बावन्नाव्या वर्षी.

जानेवारीत एका दुपारी, बस भरलेली असताना, लवू दोन सीटच्या मधल्या जागेत खाली बसला आणि त्याला उठता येईना. पोटाचं सीटी स्कॅन झालं. स्वादुपिंडाच्या शेवटाला गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पसरली होती. ताईंनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, चार महिन्यांपूर्वी हे कळलं असतं तर? डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले की या आजारात काही सांगता येत नाही. मग ताईंचा चेहरा पाहून की काय, पण त्यांनी खरं ते सांगितलं. "कदाचित फरक पडला असता. कदाचित नसता."

दुसऱ्या दिवशी ताई लॅबमध्ये आल्या. तो जुना सोनोग्राफीचा कागद माझ्यापुढे ठेवला. मला रडू फुटलं. मी म्हणाले, मीच म्हणाले होते ना ताई, नेहमी लिहितात म्हणून.

"तू म्हणालीस," त्या म्हणाल्या. "पण हात माझा थांबत होता, निधी. तुझा नव्हे."

त्यांनी रेकी सोडली. गुरुवारी जायच्या थांबल्या, लवूच्या अंगावर पांघरूण घालतानासुद्धा हात लागू देईनात. दोन आठवड्यांनी अनुपमाबाई स्वतः कुलुपवाडीला आल्या. त्या दिवशी मीही तिथे होते. ताई त्यांना रागाने काही बोलतील असं मला वाटलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "हात खरं सांगत होता आणि मी त्याला गप्प बसवत होते. अशा हाताचं आता मी काय करू?"

अनुपमाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मग म्हणाल्या, "मला नाही सांगता येत, जानकीताई. लवूंना विचारा."

लवू आत जागाच होता. त्याने ऐकलं होतं. ताई आत गेल्या तेव्हा तो म्हणाला, "तुझो हात असलो की माका झोप लागता, बाय. तितक्याच माका होया."

मग त्या रोज देऊ लागल्या. केमो चालू होती, दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, आणि दुपारी तासभर ताईंचे हात. त्याने आजार हटला नाही. हटेल असं त्यांना वाटलंही नाही. पण आता हात थांबला की त्याही थांबत. कधी अर्धा तास त्या एकाच जागी हात ठेवून बसत. फेब्रुवारीत एका दिवशी लवूला जरा बरं वाटत होतं, तर त्या त्याला रिक्षाने मार्वेला घेऊन गेल्या आणि फेरीबोटीने मनोरीला. त्याला ती बोट फार आवडायची. तिथे तिकीट दुसराच कोणीतरी फाडतो, म्हणायचा. पलीकडे उतरून दोघं शहाळं प्याले आणि त्याच बोटीने परतले. त्याला पुढे चालवेना.

मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की औषध लागू पडत नाही. वेगळं औषध वापरून आणखी एक प्रयत्न करता येईल, पण त्यासाठी दाखल व्हावं लागेल आणि खात्री देता येत नाही. मोठ्या भावाचा मुलगा सिद्धेश अंधेरीला कॉम्प्युटर कंपनीत आहे. काकावर त्याचा फार जीव, लहानपणी सुट्टीत तो लवूच्या बसमधून दिवसभर फिरायचा. त्याने दोन हॉस्पिटलं पालथी घातली, एका ठिकाणी खाट मिळवली आणि ताईंना सांगायला आला, तेव्हा मी तिथेच होते.

आदल्या दिवशी ताईंनी नेहमीप्रमाणे हात ठेवले होते. पूर्वी एका जागी थांबणारा हात त्या दिवशी डोक्यापासून पायांपर्यंत कुठेच थांबला नाही. सामान बांधून माणसं निघून गेलेल्या खोलीत शिरल्यासारखं वाटलं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी लवूला सरळ विचारलं होतं. "लवू, अजून खंय न्हेव तुका?"

"नको गो बाय," तो म्हणाला होता. "माका हंयच रवांदे."

सिद्धेशला हे पटेना. "काका दमलाय म्हणून असं बोलतो, आत्या. ट्राय तरी करू या ना. तू कशावरून ठरवलंस?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"माझ्याकडे कागद नाही, सिद्धेश," त्या म्हणाल्या. "तो नको म्हणाला, आणि मलाही तसंच वाटतं."

वाटतं हा शब्द मी त्यांच्या तोंडून अकरा वर्षांत ऐकला नव्हता. सिद्धेश चप्पल घालून निघून गेला. तीन आठवडे आला नाही, ताईंचा फोनही उचलत नव्हता. लवू रोज विचारायचा, सिद्धू येऊक नाय? ताई सांगायच्या, कामात आहे.

वेदना कमी करण्यासाठी एक डॉक्टर घरी येत. एप्रिलच्या एका सोमवारी ते म्हणाले, अजून दोनेक आठवडे. बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला ताईंनी लवूच्या तळपायांवर हात ठेवले आणि त्यांना कळलं, की आजच. श्वास कालच्यासारखाच होता. नाडीही चालू होती. तीस-पस्तीस वर्षं ज्या पुराव्यावर त्या जगल्या, तसं काहीच हाताशी नव्हतं. पाच मिनिटं त्या फोन हातात धरून बसल्या. सासरची ती माणसं आठवली, म्हणाल्या. मग सिद्धेशच्या ऑफिसात फोन लावला. त्याने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

"डॉक्टर काही म्हणाले नाहीत. मी सांगते आहे. आता ये."

तो साडेअकराला पोचला. लवूने त्याला ओळखलं. जेवलंस काय, असं विचारलं. सिद्धेश काकाच्या उशाशी बसून बसच्या जुन्या गोष्टी सांगत राहिला, लवू मध्येच ओठ हलवून हसल्यासारखं करायचा. दुपारी दोनच्या पुढे त्याने डोळे उघडले नाहीत. चार वाजून दहा मिनिटांनी तो गेला. ताईंचा एक हात त्याच्या छातीवर होता. मी लॅबमधून पोचले तेव्हा पाच वाजले होते आणि सिद्धेश ताईंच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडत होता.

तेराव्यानंतर तो मला म्हणाला, आत्याने त्या दिवशी बोलावलं नसतं तर मी संध्याकाळी आलो असतो आणि आयुष्यभर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी हे ताईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं असेल. पण त्यांच्या डोक्यात वेगळाच हिशोब चालू होता आणि तो आजही सुटलेला नाही. "एप्रिलमध्ये ऐकलं, निधी," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरमध्ये ऐकायला हवं होतं."

आता त्या पुन्हा गुरुवारी बाभईला जातात. तिथे येणाऱ्या कुणाच्या अंगावर हात थांबला, तर गोडगोड बोलत बसत नाहीत. डॉक्टरकडे जा म्हणतात, आणि ती बाई टाळाटाळ करू लागली तर स्वतः तिच्यासोबत जाऊन दवाखान्याच्या बाकावर बसतात. एकदा दहिसरच्या एका बाईंना त्यांनी असंच तपासायला लावलं. काहीच निघालं नाही. त्या बाईंचा नवरा घरी येऊन वाटेल ते बोलून गेला, उगाच माणसाला घाबरवता म्हणून. ताईंनी ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं. माझं चुकलं असेल, म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा गेल्या.

मी त्यांना विचारलं होतं, की ताई, हे हाताला कळतं, की इतकी वर्षं आजारी माणसं पाहून तुमच्या डोळ्यांना कळतं आणि तुम्हाला वाटतं हाताला? त्या म्हणाल्या, ठाऊक नाही. शोधावंसंही वाटत नाही.

रविवारी सिद्धेश येतो. लवू गेल्यापासून त्याला झोप लागत नाही. तो कॉटवर आडवा होतो आणि ताई त्याच्या कपाळावर हात ठेवून बसतात. कधी त्याच्या बंद डोळ्यांतून पाणी येतं. ताई ते पुसत नाहीत, हात तिथेच ठेवतात. तो उठला की दोघं चहा पितात आणि तो अंधेरीला परत जातो.