घाटकोपरचा डोंगर आणि साडेदहाचं पाणी

गडकिल्ले बरेच झाले, म्हणून गेल्या बुधवारी चढाईला घाटकोपरचा डोंगर निवडला. माझी नणंद सुजाता तिथल्या वस्तीत आरोग्यसेविका आहे. बायका मुलांना लस द्यायला का आणत नाहीत, हे तिला घरोघरी जाऊन विचारायचं होतं. "वहिनी, फिरायची एवढी हौस ना, मग चल," म्हणाली. बायका का येत नाहीत, ते मला आधीच ठाऊक होतं: अफवा आणि सुईची भीती. ब्लॉगचा मथळासुद्धा तयार होता.

मागाठाण्याहून मेट्रोने गुंदवली, पूल ओलांडून दुसऱ्या मेट्रोने घाटकोपर. स्टेशनबाहेर उसळपाव झकास मिळतो, पण बेतानेच खा, कारण शेअर रिक्षा वीस रुपयांत पायथ्याशी सोडते आणि पुढे नुसत्या पायऱ्या. चपला नकोत, बूट घाला.

पहिलंच घर रेश्माचं. माहेर राजापूरचं, नवरा गोरेगावला कामाला, लेक अन्वी दहा महिन्यांची. तिची गोवरची लस राहिली होती, आणि मागच्याच गल्लीत एका पोराला गोवर निघाला होता.

"तीनदा निरोप दिला, रेश्मा! सुईला घाबरतेस काय गं?" सुजाता चिडलीच.

"सुईला कोण घाबरतंय, ताई? तुमची लस बुधवारी दहा ते बारा, तीही खाली दवाखान्यात. पाणी येतं साडेदहाला, नंबर लावून भरेपर्यंत बारा वाजतात. मी खाली आले तर पिंपं काय तुम्ही भरणार?"

माझा मथळा तिथेच निकालात निघाला आणि मला लाज वाटली. "मी भरते," बोलून गेले.

रेश्माने मला नखशिखान्त न्याहाळलं. "जमेल ना?" म्हणाली आणि अन्वीला घेऊन सुजाताबरोबर उतरली.

जमलं, पण वाट लागली. पाइप दोनदा सुटला, मी भिजले. "ओ मॅडम, नंबर बघा ना!" म्हणून शेजारच्या काकूंनी झापलं ते वेगळंच.

रेश्मा परतली तेव्हा अन्वी रडून लालबुंद झाली होती. रेश्माने आधी पिंपात डोकावलं, मग हसली. "सोळाव्या महिन्यात परत डोस आहे. तेव्हा कोण?"

घरी येऊन दोन दिवस खांदे दुखत होते. लसीची वेळ दुपारची करा, असा अर्ज सुजाताने दिलाय, उत्तर यायचंय. काल तिचा फोन आला. "वहिनी, आणखी चौघी विचारतायत, ती पाणी भरणारी बाई बुधवारी येणार का?"

रजा टाकली. एकच अट घातली: नळावर माझ्यासोबत रेश्मा उभी राहील.