उरल्या पाण्यात विसळलेले पेले

स्टेडियमवर तिला सगळे चाळणीबाई म्हणत, कारण तिच्या नजरेतून कचऱ्याचा कण सुटत नसे. मॅच संपली, माणसं पांगली, की हिचा खेळ सुरू. ओला कचरा हिरव्या पिशवीत, कागद निळ्या, प्लॅस्टिक पिवळ्या. त्यात तिची स्वतःची एक तऱ्हा होती. प्रेक्षकांनी अर्ध्याच टाकून दिलेल्या बाटल्यांतलं पाणी ती बादलीत जमवायची आणि त्यात सरबताचे पेले विसळायची. त्यासाठी नळ सोडणं तिला पाप वाटे. बाकीच्या बायका गालातल्या गालात हसत, कचऱ्याला कसली आंघोळ घालता म्हणत. हिचं उत्तर ठरलेलं, की खरकटा पेला प्लॅस्टिक वितळवणारा कारखाना परत पाठवतो.

हे तिला भावानं सांगितलं होतं. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा. हिनंच त्याला कडेवर वाढवलं आणि पुढे स्टेडियमच्या साहेबांच्या हातापाया पडून कचरागाडीवर ड्रायव्हर म्हणून चिकटवलं. सहा वर्षं तो दर मॅचनंतर तिच्या पिशव्या न्यायचा आणि कारखान्याच्या गोष्टी आणायचा. तिच्या पेल्यांच्या म्हणे बादल्या झाल्या, झाकणांच्या खुर्च्या झाल्या, तिथले लोक तिचा माल डोळे झाकून घेतात. मला एकदा दाखव म्हटलं, की कधी कारखान्याला सुट्टी, कधी बाहेरच्यांना मनाई. हिला संशय आला नाही. पाठच्या भावावर कोण संशय घेतं?

मग भाऊ तापानं पडला आणि बदली ड्रायव्हर आला. हिनं संधी साधली, सरळ गाडीत चढून बसली. गाडी वस्तीबाहेर एका जुन्या खाणीपाशी थांबली, मागचा भाग वर उचलला गेला आणि हिरवं, निळं, पिवळं सगळं एकाच खड्ड्यात गडगडलं. तुम्ही रस्ता चुकलात, असं ती म्हणाली. तो म्हणाला, मागे तुमच्या भावानंच ही जागा दाखवली, साहेबांनीही इथंच टाकायला सांगितलंय.

ती तशीच भावाच्या घरी गेली. तिचा चेहरा पाहून तो पांघरूण सारून उठून बसला.

"कारखाना पहिल्याच वर्षी बंद पडला, ताई. तू एवढी खूश असायचीस, माझं तोंडच उघडेना."

"आणखी कोणाला ठाऊक होतं?"

त्यानं मान खाली घातली. "तू सोडून सगळ्यांना."

म्हणजे त्या हसणाऱ्या बायकांनाही. सहा वर्षं आपण बादलीत हात घालून बसलो आणि सगळे गंमत बघत राहिले, हे तिला सोसवेना. साहेबांचं एक वेळ सोडा, साहेब काही सख्खे नव्हते. पण ज्याला घास भरवून मोठं केलं, त्यानंच केसानं गळा कापला. ती रडली नाही. भावजयीनं पुढे केलेलं पाणीही न घेता निघून आली.

पुढच्या मॅचला तिनं पहिल्यांदाच सगळा कचरा हाताला येईल त्या पिशवीत कोंबला. गाडी आली. भाऊ उतरला, पिशव्या पाहून थबकला.

"ताई, बोल काहीतरी. शिव्या दे हवं तर."

तिनं पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. ज्याला जन्मभर अरेतुरे केलं, त्याच्याकडे तिनं नीट पाहिलं.

"अहो ड्रायव्हर," ती म्हणाली, "गाडी जरा मागे घ्या."