दौलतनानांची साक्ष

कुरुळीत दौलतनानांची खोली भाड्याने घ्यायला गेलो तेव्हा मी करारनाम्याचा विषय काढला. नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना शिवीच दिली. "कागद कशाला? तोंड हाय ना तुला? नीट राहीन म्हण, झालं." मी म्हटलं, आणि झालं. जमिनी कंपन्यांना गेल्यावर गावाने गाड्या घेतल्या. नानांनी आमच्यासारख्या परजिल्ह्यातल्या पोरांसाठी खोल्या बांधल्या आणि आमच्या डोक्यावर बापासारखे बसले.

कागदाला नाना कवडीची किंमत देत नसत. सोसायटीचा असो की ग्रामपंचायतीचा, कुणी पुढे केला की चष्मा न लावता सही ठोकायचे. "सहीचं काय रं, कोंबडीबी पाय उमटवती," असं वर म्हणायचे. पण तोंडून गेलेला शब्द म्हणजे शब्द. माझा धाकटा भाऊ सुनील लातूरहून माझ्या पाठोपाठ आला आणि चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. "रविवारी तुला अळूवड्या खाऊ घालतो," असं नाना त्याला म्हणाले होते. त्या रविवारी ते तापाने फणफणले होते, तरी ताटली घेऊन जिना चढून आले. "ह्या पोराला जेवताना समोर कुणीतरी लागतं," असं म्हणून समोर बसलेसुद्धा.

पुढच्याच वर्षी सुनीलचा खून झाला. ठेकेदाराच्या एका माणसाशी त्याचं वाजलं होतं. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ओढ्याजवळ त्याच्या डोक्यात रॉड घातला गेला. बघणारा कुणी नव्हता. पोलिसांनी त्या माणसाला धरलं, आणि त्याने ओढ्यातून रॉड काढून दिला असा पंचनामा झाला. पंच म्हणून सही नानांची होती. ती त्यांनी पोलीस ठाण्यात, चहा पिता पिता केली होती. "आपल्या सुनीलचंच काम हाय, नाना," असं कुणीतरी म्हणालं, एवढं त्यांना पुरलं.

साक्षीच्या दिवशी नाना इस्त्रीची टोपी घालून पिंजऱ्यात उभे राहिले. आरोपीने तुमच्यासमोर रॉड काढून दिला का, असं सरकारी वकिलांनी विचारलं. नानांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "सही माझीच हाय, सायेब. पर मी ओढ्यावर गेलो न्हाई."

वकिलांनी त्यांना फितूर ठरवलं. दुसरा पंच केव्हाच गाव सोडून गेला होता. आरोपी निर्दोष सुटला.

"नाना, कामून असं केलंत?" निकालानंतर कोर्टाच्या आवारात मी ओरडलो. हात उठायचाच काय तो बाकी होता.

"ईश्वरसाक्ष म्हणालो की रं मी," नाना म्हणाले. "न बघितलेलं बघितलं कसं म्हणू?"

म्हातारा विकला गेला, असं गाव म्हणालं. मीही तेच म्हणत बिऱ्हाड आकुर्डीला हलवलं. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा म्हणालो होतो.

सरकारने हायकोर्टात अपील केलं. ते सुनावणीला यायला वर्षं गेली. पहिल्या तारखेला मी मुंबईला पोचलो तर बाहेरच्या पायऱ्यांवर नाना बसलेले. एसटीने एकटेच आले होते, मांडीवर डबा.

"आज माझं ऐकतील का रं? न बघता सही ठोकली ती चूक माझी हाय, पोराची न्हाई, एवढंच सांगायचंय जज सायबांना."

"इथं साक्ष होत नाही, नाना. खालच्या कोर्टात झालेल्या साक्षीच वाचतात."

"मग माझीबी वाचतील?"

"तीच वाचतील आधी."

नानांनी मान खाली घातली. मग डबा उघडून माझ्यापुढे सरकवला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिले. त्यानंतर प्रत्येक तारखेला आम्ही बरोबर गेलो.

अपील फेटाळलं गेलं. निकाल इंग्रजीत होता. वकिलांनी मला समजावून सांगितला. पंचानेच नाकारल्यामुळे हत्यार सापडल्याचा पुरावा टिकत नाही आणि त्याखेरीज दुसरं काही भक्कम नाही, म्हणून सुटका कायम. नाना तोवर अंथरुणाला खिळले होते. मी कागद घेऊन गेलो तर म्हणाले, "वाच."

मी पानं उलटली. भलत्याच ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "कोर्ट म्हणतं, पंचाने काहीही सांगितलं असतं तरी आरोपी सुटलाच असता. तुमच्यामुळे तो सुटला नाही, नाना."

"आसं लिवलंय?"

"असंच लिहिलंय."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "लई वर्सं झाली रं," एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

चार दिवसांनी नाना गेले. जे खोटं माझ्या भावासाठी त्यांच्या तोंडून निघालं नाही, ते त्यांच्यासाठी माझ्या तोंडून सहज निघून गेलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. त्यांनी ते ओळखलं असेल का, हा प्रश्न मात्र अजून मला सोडत नाही.