बैलावरचं क्लिक

"कोणी का असेना, माणूस हाये ना? बस!"

दाराशी कुणीही आलं की असं म्हणत आमचे सर पायानंच एक स्टूल पुढं सरकवत. फी भरायला आलेला असो, पाणी मागायला आलेला असो की पत्ता चुकलेला, सगळ्यांना तेच स्टूल. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, बघा आठवून.

घाटंजीत त्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग होता. कापसाचे वाईट दिवस चालू होते, पोरं येईनाशी झाली होती. तेव्हा सरांनी एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यासाठी, प्रोग्राम लिहिला. तो पसंत पडला तर वर्ग चालू, नाहीतर दिवाळीला कुलूप.

दाखवायच्या दिवशी मीही सोबत गेले. पडद्यावर कापसाच्या प्रत्येक बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चित्र आणि खाली बटन. दोन्हींपैकी कशावरही क्लिक केलं की त्या बंडीचं वजन दिसायला हवं होतं. जिनिंगच्या म्हाताऱ्या मुनीमजींनी माउस धरला आणि थेट बैलावरच क्लिक केलं. झालं! प्रोग्राम बंद.

"मुनीमजी, बटन दाबा ना," तो पुन्हा चालू करत सर म्हणाले.

"बटन कायले दाबू? बंडी समोर उभी हाये ना!"

जिनिंगचे मालक हसले. सरांचा चेहरा उतरला. सरांनी कोड उघडला. क्लिक ज्याच्यावर होईल ते बटनच असणार, असं त्यांनी ठासून लिहिलं होतं. चित्र आलं की प्रोग्राम अडणारच. खरं तर बटन काय, चित्र काय, दोन्ही 'कंट्रोल' नावाच्या एकाच घराण्यातले. वजन शोधायला आम्हाला हवा होता नुसता बंडीचा नंबर, आणि तो ठेवायची जागा त्या घराण्यात प्रत्येकाजवळ असते.

मला राहवलं नाही. "सर, दाराशी आलेल्याले तुम्ही काही विचारत नाही, अन् इथं काहून बटनच पाहिजे तुम्हाले?"

सर असे खो खो हसले की चष्मा टेबलावर पडला. "अवं पोरी! कोणी का असेना, कंट्रोल हाये ना!" त्यांनी 'बटन' खोडून तिथं 'कंट्रोल' लिहिलं. वजन दिसलं. मुनीमजींना एवढी मजा वाटली की त्यांनी एकही बैल सोडला नाही.

वर्ग वाचला. तिथं शिकले म्हणून तर मी पुण्यात नोकरीला लागले.

सर गेल्याचं मला फार उशिरा कळलं. त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. मी दारात उभी राहून कोण, कुठली, कोणत्या बॅचची, सगळं सांगायला लागले, आणि रडूच फुटलं.

काकूंनी पायानं चाचपून स्टूल पुढं सरकवलं. "कोणी का असेना, बाई," त्या म्हणाल्या. "बस."